कोपरा कापलेलं पाकीट

झाकण उचलायचं, नाकाजवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि दोन श्वास गप्प राहायचं. मग एकच शब्द. एक तर "सोड", नाहीतर "बाजूला". मध्येच कोणी घाई केली तर मामा एक बोट वर करून त्याला थांबवायचे. "थांबा की. नाकाला इचारतोय."

मामा काही माझे सख्खे मामा नव्हेत. मी दातांची डॉक्टर. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात माझा दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे, त्यातली एक खुर्ची चालते. मामा माझ्याकडे अवजारांची स्वच्छता बघायचे. त्याआधी तीसेक वर्षं त्यांनी उचगावच्या पलीकडच्या एका गावात, दूध संस्थेत काढली होती. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची आणि मापात पडण्याआधी प्रत्येकाचं दूध मामांच्या नाकाखालून जायचं. किटली नीट घासलेली नसली, रात्रीचं दूध सकाळच्या दुधात मिसळलेलं असलं, म्हशीनं नको तो पाला खाल्लेला असला, तर त्यांना झाकणावरूनच कळायचं. एक खराब किटली मोठ्या क्यानात गेली की सगळ्या गावाचं दूध परत येतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे संस्थेच्या चेअरमनची किटलीसुद्धा त्यांनी एकदा बाजूला काढली होती. आणि एकदा तर स्वतःच्या बायकोची.

"मग मामी काय म्हणाल्या?" मी एकदा विचारलं.

"काय म्हनतीय? दोन दिस कोरडी भाकरी वाढली. पर तिसऱ्या दिशी किटली अशी घासून आनली, तोंड दिसत हुतं तिच्यात."

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. एका कामात मुरलेला, आणि ते काम सुटलं तरी हात (मामांच्या बाबतीत नाक) तेच करत राहणारा. मामा निवृत्त झाले, वर्षभरात मामी गेल्या, आणि ते माझ्याकडे कवळी बसवायला आले. मी चूळ भरायला स्टीलचा पेला दिला. मामांनी तो तोंडाला लावायच्या आधी नाकाला लावला. डोळे मिटले.

"बाजूला."

मला वाटलं मलाच म्हणतायत, म्हणून मी बाजूला झाले.

"तुमी न्हाय वो, म्याडम. प्याला. ह्येला साबनाचा वास हाय. घासलाय, पर इसळला न्हाय."

झालं. गळ्यात कागदी रुमाल तसाच लटकत असताना मामा खुर्चीतून उठले आणि थेट आतल्या खोलीत शिरले. माझ्या मदतनीस मुलीचं महिन्यापूर्वीच लग्न झालं होतं, त्यामुळे बेसिनची अवस्था मी इथे लिहीत नाही. मामांनी ती पाहिली, हुंगली. मग म्हणाले, "भांडी कोन घासतंय?"

"भांडी नाहीत मामा, अवजारं आहेत."

"तोंडात जातंय ते भांडंच की."

पुढच्या सोमवारी ते स्वतःचा ब्रश पिशवीत घालून हजर झाले. कवळीचं माप अजून घ्यायचं राहिलं होतं, ते पुढे तीन महिने राहिलंच.

मी त्यांना सगळं शिकवलं. आधी औषधाच्या पाण्यात भिजवायचं, मग पाण्याखाली धरून घासायचं, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. मग कोरडं करायचं, कागदी पाकिटात बंद करायचं आणि वाफेच्या यंत्रात ठेवायचं. त्यांना शिकवताना मलाच कानकोंडं व्हायला झालं, कारण मी वाक्य सुरू करायची आणि मामा ते पुरं करायचे. घासा, उकळत्या पाण्यानं भाजा, उपडं घाला, वाळू दे. क्यानाचं शास्त्र तेच होतं. यंत्रातून पाकीट ओलं निघालं तर ते वापरायचं नाही, हे आमच्या कॉलेजात एका सरांनी पाऊण तास समजावलं होतं. मामांनी पाकिटाला बोट लावलं आणि म्हणाले, "ओलं हाय. नासलं." सरांचा पाऊण तास वाचला असता.

दिव्याच्या मुठीला प्रत्येक पेशंटला नवं प्लास्टिक गुंडाळायचं, हेही त्यांना एका फटक्यात पटलं. "क्यानाच्या कडीवानी हाय. धुतंय सगळं जग क्यान, कडी कोनच धुत न्हाय."

पण खरा जाच झाला तो मला. मी एकदा पेशंटच्या तोंडात हात असताना फोन वाजला म्हणून हातमोज्यानंच उचलला. माझ्या सासूबाईंचा होता, घ्यावा लागतो. मागून आवाज आला, "बाजूला!" मी दचकून फोन ठेवला.

"फोनवर कोन हुतं?"

"सासूबाई."

"मग आता त्यास्नी बी पावण्याच्या तोंडात घालनार व्हय?"

पेशंट तोंड उघडं ठेवून हसायचा प्रयत्न करत होता, ते फार धोक्याचं असतं. मी मोजे काढले, हात धुतले, नवे मोजे घातले. सासूबाईंना ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

मग मामांनी पेशंटही हुंगायला सुरुवात केली. मी कधीच सांगितलं नव्हतं. दाराशी स्टूल टाकून बसायचे, आलेला माणूस वाकून चप्पल काढायला लागला की दोन श्वास घ्यायचे. "पावणं, बाजूला. तंबाखू हाय. चूळ भरून या." साखर कारखान्यात पाळी करणारे मोठमोठे गडी निमूट वळून नळावर जायचे. माझ्या ड्रिलला न भिणारी माणसं मामांना भ्यायची. एकानं वेलदोडा चघळत यायची युक्ती काढली. मामांनी दोन श्वास घेतले. "वेलदोडा खाल्लाय म्हंजे कायतरी झाकलंय." ते खरं निघालं. हळूहळू लोक दारातच विचारायला लागले, "मामा, मी पास का?" आणि ज्याला "सोड" मिळालं तो खुर्चीत येऊन बसताना अर्धी लढाई जिंकल्यासारखा बसायचा.

एकदा एक विक्रेता लिंबाच्या वासाचं जंतुनाशक घेऊन आला. कोट, टाय, बॅग. त्यानं टेबलावर दोन थेंब टाकून पुसून दाखवलं आणि म्हणाला, कसा फ्रेश वास येतोय बघा. मामांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या आधीच म्हणाले, "बाजूला." त्या दिवशी मामांनी मला चहा पाजला.

आता ती पाकिटांची भानगड.

कागदी पाकिटावर एक छोटी खूण असते. यंत्रात नीट तापलं की तिचा गुलाबी रंग जाऊन तपकिरी होतो. रंग बदलला नाही तर पाकीट परत यंत्रात. मी मामांना हे समजावलं, त्यांनी मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यात किती अंतर असतं ते मला दीड महिन्यानं कळलं. एका सकाळी उजेडात मी एक पाकीट उचललं, तर त्याचा एक कोपरा नखाएवढा कापलेला आणि वरून चिकटपट्टीनं सुबक बंद केलेला. दुसरं घेतलं, तसंच. तिसरं. कपाटातलं प्रत्येक पाकीट. सगळे कोपरे एका मापाचे, शिंप्यानं कापल्यासारखे.

"मामा, हे काय आहे?"

"वास घेतलाय की," मामा अभिमानानं म्हणाले. "एकेकाचा. यकबी खराब न्हाय निघालं."

मी डोक्याला हात लावून खाली बसले. बाहेर चार पेशंट थांबलेले, त्यातल्या एका शेतकऱ्याचा गाल भोपळ्याएवढा सुजलेला. निर्जंतुक झालेलं प्रत्येक पाकीट मामांनी उघडून, त्यात नाक खुपसून पुन्हा बंद केलं होतं. सगळं परत धुवायचं, परत पाकिटात भरायचं, परत यंत्रात. मी बाहेर जाऊन खोटं सांगितलं की लाईट गेली होती. पंखा डोक्यावर फिरत होता.

आत येऊन मी मामांवर ओरडले. खरंच ओरडले, बापाच्या वयाच्या माणसावर. जंतूंना वास नसतो, रंग बघा, नाक लांब ठेवा, असं काय काय. मामा ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "रंग काय, रंगपंचमीला बी येतोय. नाकाला इचारल्याबिगर 'सोड' म्हनायचं कसं? तोंड लोकांचं हाय, म्याडम."

मी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. प्रत्येक वेळी यंत्रात एक जादा पाकीट ठेवायचं. त्यात फुटका आरसा घालायचा, जो कोणाच्याही तोंडात जाणार नाही. ते पाकीट मामांचं. त्याचा कोपरा त्यांनी कापायचा, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही, त्यांचा रंग मी बघेन. मामांनी अट घातली की त्यांनी "सोड" म्हटल्याशिवाय मी एकही पाकीट उघडायचं नाही. मी कबूल केलं. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात 'वासाचं पाकीट' सुरू झालं. यंत्र शिट्टी मारून थांबायचं, सगळं गार व्हायचं, मामा दारात येऊन कात्रीनं कोपरा कापायचे, डोळे मिटायचे. "सोड." मग मी कामाला लागायची. खरं सांगते, त्या शब्दाशिवाय मला पुढे सुरुवात करवायची नाही.

मग कोरोना आला. दवाखाना बंद राहिला, मग उघडला. मी तो प्लास्टिकचा पोशाख घालून उकडून निघायची. पेशंट हुंगायला मी मामांना सक्त बंदी केली आणि ताप मोजायची बंदूक हातात दिली. मामा कपाळावर बंदूक रोखायचे, आकडा बघायचे आणि म्हणायचे, "सोड." लोकांनाही बरं वाटायचं.

दुसऱ्या लाटेत मामांना गाठलंच. पंधरा दिवस ते घरी पडून होते. आजऱ्याला दिलेली त्यांची मुलगी येऊन दाराबाहेर ताट ठेवायची. परत आले तेव्हा शर्ट एका मापानं मोठा झाला होता. "बरा हाय," म्हणाले आणि ब्रश हातात घेतला.

दोन आठवडे गेले असतील. कचऱ्याच्या डब्यात मला वासाचं पाकीट दिसलं. कोपरा कापलेला नव्हता. दुसऱ्या दिवशीचंही तसंच. मामा पूर्वीसारखेच दारात यायचे, पाकीट नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि "सोड" म्हणायचे, पण बंद पाकिटाला. त्याच आठवड्यात माझ्या हातून लवंगेच्या तेलाची बाटली फुटली. बाहेर बसलेली माणसंसुद्धा नाक चोळायला लागली. मामा त्या वासातून चालत आले आणि विचारलं, "काय पडलं, म्याडम?"

मी काचा गोळा केल्या. दुपारी पडद्याआडून पाहिलं. मामा आतल्या खोलीत चष्मा लावून ट्यूबलाईटखाली उभे होते. एकेक पाकीट उलटून त्याची खूण बघत होते. शेजारी एक जुनं पाकीट ठेवलं होतं, त्याच्या तपकिरी रंगाशी प्रत्येकाचा रंग ताडून बघत होते. एक त्यांना फिकं वाटलं, ते त्यांनी परत यंत्रात टाकलं. मग चष्मा खिशात घातला, वासाचं पाकीट उचललं आणि दारात येऊन ते नाकाला लावलं. मी पळत जाऊन खुर्चीशी उभी राहिले. "सोड," मामा म्हणाले. "बरं मामा," मी म्हणाले. मग पहिलं पाकीट उघडलं.

हे असं वर्षभर चाललं. माझं काम आजवर कधी झालं नव्हतं इतकं काटेकोर चाललं होतं. हे गुपित आम्ही दोघंही एकमेकांपासून सांभाळून होतो.

एका दुपारी खुर्चीत एक निवृत्त गुरुजी होते. तोंड बधिर केलेलं, दाढ अर्धी कोरलेली. ते एकाएकी "आँ, आँ" करायला लागले. मला वाटलं दुखतंय. मी आणखी इंजेक्शन द्यायला निघाले तर ते हात हलवून आतल्या खोलीकडे दाखवायला लागले. मास्कच्या दोन थरांतून मलाही मग कळलं. रबर जळत होतं. आत जाऊन बघते तर यंत्राचा प्लग वितळून धूर निघत होता आणि त्याच्यापासून दोन हातांवर, त्याच्याकडे पाठ करून, मामा स्टुलावर बसून पाकिटांच्या घड्या घालत होते. मी मेन स्विच पाडला. प्लगखेरीज काही जळलं नाही. पण बाहेरची चार माणसं दारात गोळा झाली होती आणि गुरुजी बधिर ओठांनी विचारत होते, "मामा, तुमाला वास न्हाय आला व्हय?"

मामांनी हातातल्या घड्या पुऱ्या केल्या. त्या दिवशी सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"म्याडम, नाक गेलंय. आजारपनात गेलं, ते आलंच न्हाय. वरीस झालं, मी फसवालोय तुमास्नी. मला बाजूला काढा."

बायकोची किटली ज्या आवाजात बाजूला काढली असेल, तोच आवाज होता. मला त्यांना सोडायचं नव्हतं. त्यांची समजूत घालायची म्हणून मी घाईघाईत बोलले, आणि आयुष्यात मी इतकं बावळट काही बोललेली नाही.

"अहो मामा, या कामाला नाक लागतच नाही. तुम्ही रंग बघता, मी पाहिलंय, तेवढं पुरतं. नाकाचं इथं कधी कामच नव्हतं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "कवाच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग ती वासाची पाकिटं?"

मामांनीच उत्तर दिलं. "माझ्या समाधानासाठी. व्हय की." आणि हातातलं फडकं झटकून, चौघडी करून त्यांनी बेसिनच्या कडेला ठेवलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी माफी मागितली असती. उलट पंधरा दिवस रोज येऊन त्यांनी त्यांच्या जागी ठेवलेल्या नव्या बाईंना सगळं काम शिकवलं, घासणं, वाळवणं, खूण बघणं, सगळं. फक्त त्या पंधरा दिवसांत एकदाही त्यांनी पाकीट नाकाला लावलं नाही. शेवटच्या दिवशी आठवण म्हणून काय देऊ असं मी विचारलं, तर म्हणाले, "ती चिकटपट्टी द्या अर्धी. चांगली चिकटतीया." आणि ते मुलीकडे आजऱ्याला गेले. मी दोनदा फोन केला. "बरा हाय," यापलीकडे काही बोलले नाहीत. नाकाचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

नव्या बाई हुशार आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "म्याडम, हे फुटक्या आरशाचं पाकीट रोज कशाला ठेवायचं?" मी म्हणाले, "राहू दे." रोज ते यंत्रातून निघायचं आणि रोज कोणी न विचारता कचऱ्यात जायचं.

परवा मामांचे जावई कोल्हापुरात काही कामासाठी आले होते. माझ्या खुर्चीत पेशंट होता, म्हणून त्यांनी दारातूनच एक पिशवी दिली. "मामांनी घनसाळ पाठवलाय. म्याडमच्याच हातात द्या म्हनलेत." आजऱ्याचा घनसाळ तांदूळ शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं, इतका त्याला वास. जावई घाईत होते, ते गेले. मी पिशवी टेबलावर ठेवली. गिरणीतून यंत्रानं बंद करून आलेली प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिचा एक कोपरा नखाएवढा कापलेला होता. वरून आमच्याच दवाखान्यातली चिकटपट्टी, सुबक, सरळ.

ज्याला वास येत नाही तो माणूस पिशवीचा कोपरा कापत नाही.

मी हातमोजे काढले. हात धुतले. मास्क खाली ओढला. पट्टी हळूच सोडवली, कोपरा नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले.

"म्याडम," खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच म्हणाला, "काय झालं वो? करायचं न्हवं पुढचं?"

मी एक बोट वर केलं.

"थांबा की. नाकाला विचारतेय."